सुरक्षितता आणि करुणा : ग्राहकोपयोगी वस्तू व प्राण्यांवरील चाचण्या

शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकाचा कोणताही डबा हाती घेतला, तर त्यावर एक तिरका बसवलेला चौकोन दिसतो. त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो, अत्यंत जहाल औषध असेल तर कवटीचे चिन्हही असते. खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा अशा एका रंगाने भरलेला असतो. लाल रंग सर्वांत अधिक विषारी, हिरवा सर्वांत कमी, इतके बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असते. हा रंग कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांत या रंगांचा आधार दिलेला आहे. प्रयोगशाळेतील उंदरांना औषध तोंडावाटे दिले असता ज्या मात्रेने त्यांपैकी निम्मे उंदीर मरतात, ती मात्रा शोधली जाते. शरीराच्या दर किलो वजनामागे ही मात्रा १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा रंग दिला जातो. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेचेही असेच माप ठरलेले आहे. म्हणजे शेताच्या बांधावर शेतकऱ्याला सावध करणारा तो छोटासा त्रिकोण मुक्या प्राण्यांच्या मरणातून उमटलेला असतो.

माणसाच्या सुरक्षिततेसाठी प्राण्याला वेदना देणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. तो आपल्या देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातील साबणाशी, केसांच्या कलपाशी, कोठीघरातील औषधाच्या बाटलीशी निगडित आहे. या प्रश्नाचा इतिहास, त्यातील विज्ञान, आपला कायदा आणि शेवटी आपले कर्तव्य यांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

चाचण्यांची गरज का भासली?

प्राण्यांवरील चाचण्या निव्वळ क्रौर्यातून सुरू झाल्या, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांच्यामागे माणसांचे मृत्यू आहेत.

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या व भुवया रंगवण्याचे एक प्रसाधन बाजारात होते. त्यात पॅराफेनिलिनडायअमाइन नावाचे रंगद्रव्य होते. ते लावल्याने काही स्त्रियांची दृष्टी गेली व एकीला प्राणास मुकावे लागले. त्या वेळी तेथे अन्न व औषधांविषयीचा १९०६ चा कायदा होता. पण प्रसाधने त्याच्या कक्षेतच नव्हती. म्हणून ते प्रसाधन बाजारातून हटवण्याचा अधिकार शासनाला नव्हता.

चार वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याहून भीषण घटना घडली. सल्फानिलामाइड हे त्या काळातील अत्यंत गुणकारी औषध मुलांना सहज घेता यावे म्हणून एका कारखान्याने ते पातळ स्वरूपात आणले. ते विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हे गोडसर द्रव्य वापरले. चव, रंग व वास यांची पारख झाली. विषाची झाली नाही. मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत अनेक बालके होती. बाटल्या जप्त करण्यासाठी शासनाला जो आधार सापडला तोही विलक्षण होता. 'एलिक्झिर' या नावाच्या औषधात मद्यार्क असला पाहिजे आणि यात तो नाही, म्हणून नाव खोटे आहे, एवढाच काय तो गुन्हा! या घटनेनंतर १९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला. औषध बाजारात येण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणे त्याने बंधनकारक केले आणि प्रसाधनेही शासनाच्या देखरेखीखाली आली.

ते द्रव्य विकण्यापूर्वी चार उंदरांना पाजले असते, तर शंभर घरांवरचे संकट टळले असते. चाचण्यांच्या बाजूने मांडला जाणारा हा युक्तिवाद भक्कम आहे आणि चाचण्यांना विरोध करणाऱ्यांनी त्याला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे.

दोन प्रसिद्ध चाचण्या

पुढील अर्धशतकात दोन चाचण्या जगभर रूढ झाल्या. पहिली 'एल.डी. ५०', म्हणजेच निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा शोधण्याची चाचणी. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी ती १९२७ मध्ये मांडली. डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांची तीव्रता त्या काळी रासायनिक पद्धतीने मोजता येत नसे. मात्रा थोडी चुकली तरी रोग्याच्या जिवावर बेतत असे. अशा जीवरक्षक औषधांचे माप ठरवण्यासाठी ही चाचणी निघाली होती. कालांतराने मात्र ती नखांच्या रंगापासून फरशी पुसण्याच्या द्रव्यापर्यंत सर्वच पदार्थांना लावली जाऊ लागली. एका पदार्थासाठी अनेक डझन प्राणी खर्ची पडत. एका विशिष्ट गरजेतून जन्मलेले साधन पुढे गरजेचा विचार न करता रिवाज बनून राहिले.

दुसरी चाचणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांच्या नावाने ओळखली जाते. ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थाचा ०.१ मिलिलीटर एवढा अंश घालायचा आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. नंतर २४, ४८ व ७२ तासांनी आणि गरज पडल्यास पुढेही अनेक दिवस निरीक्षण करायचे. बुबुळावरील पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल किती धुरकटले, बुबुळ किती सुजले, पापणीच्या आतील अस्तर किती लाल झाले, यांना गुण द्यायचे. एकूण ११० गुणांपैकी ८० गुण एकट्या पारपटलाला असत. शाम्पू डोळ्यात गेला तर काय होईल, याचे उत्तर अशा रीतीने सशाच्या डोळ्यात शोधले जाई.

ससाच का निवडला गेला? त्याचा डोळा मोठा असतो, तो स्वभावाने गरीब असतो, ओरडत नाही आणि चावायला धावत नाही. सोय ही या निवडीत फार मोठी बाब होती. दुबळ्याच्या मुकेपणाचा असा फायदा घेणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

प्राणी माणसासारखा किती?

या चाचण्यांवरचा पहिला आक्षेप नीतीचा नसून शास्त्राचा आहे. सशाच्या डोळ्यात माणसाच्या मानाने पाणी कमी येते व तो पापण्याही कमी मिटतो. त्यामुळे डोळ्यात गेलेला पदार्थ धुऊन निघायला वेळ लागतो. सशाच्या डोळ्याला तिसरी पापणी असते आणि त्याचे पारपटल माणसाच्या पारपटलापेक्षा पातळ असते. म्हणून सशाला जे झाले ते माणसाला तसेच व तेवढेच होईल, असे खात्रीने सांगता येत नाही.

प्राणिमात्रांतील हा भेद आपल्या परिचयाचा आहे. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते. आपल्या रोजच्या जेवणातील कांदा कुत्र्याच्या रक्तपेशींना अपाय करतो. पेनिसिलिनने असंख्य माणसे वाचली. पण गिनीपिगला ते मानवत नाही. केवळ गिनीपिगच्या साक्षीवर निर्णय घेतला असता, तर हे औषध कदाचित टाकून दिले गेले असते.

शिवाय एकाच चाचणीचा निकाल सर्वत्र सारखा येतो का? १९७१ मध्ये वाईल व स्काला या शास्त्रज्ञांनी तेच पदार्थ सुमारे दोन डझन प्रयोगशाळांतून तपासून घेतले. एका प्रयोगशाळेने ज्या पदार्थाला तीव्र दाहक ठरवले, त्यालाच दुसरीने जवळजवळ निरुपद्रवी ठरवल्याचे आढळले. कोणत्याही मापाने माणसाच्या जिवाचा निर्णय करायचा, तर ते माप तरी भरवशाचे हवे.

तथापि या आक्षेपाचा अतिरेकही टाळला पाहिजे. प्राण्यांवरील चाचण्यांतून काहीच कळत नाही, असे म्हणणे चूक आहे. डायएथिलिन ग्लायकॉलचे विष १९३७ च्या दुर्घटनेनंतर प्राण्यांवरील प्रयोगांतूनच स्पष्टपणे सिद्ध झाले. चाचण्यांतून काही कळते, पण सगळे कळत नाही आणि जे कळते त्याची किंमत दुसरा जीव मोजतो, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून शास्त्राचा प्रश्न संपला तरी नीतीचा प्रश्न शिल्लक राहतो.

गरज आणि हौस

इंग्लंडमधील विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ मध्ये एक मुद्दा मांडला होता. प्राण्याला बुद्धी आहे का, वाचा आहे का, हा खरा प्रश्न नसून त्याला वेदना होतात का, हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेल्या गंगेच्या कावडीतील पाणी नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले, ही कथा आपल्याकडे लहान मूलही जाणते. गाढवाची योग्यता काय, असे नाथांनी विचारले नाही. त्याची तहान तेवढी पाहिली.

यावर असा प्रश्न केला जातो की, एकीकडे सशाचा डोळा आणि दुसरीकडे लहान मुलाचा डोळा असेल, तर आपण काय निवडाल? बहुतेक माणसे मुलाचा डोळा निवडतील आणि त्यात वावगे काही नाही. परंतु प्रश्न अशा रीतीने मांडताना एक गोष्ट दृष्टिआड होते. नवा लिपस्टिक बाजारात आणला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा डोळा जात नाही. ज्यांची सुरक्षितता पूर्वीच सिद्ध झाली आहे असे घटक वापरूनही साबण, पावडर व तेले बनवता येतात. येथे निवड ससा आणि मूल यांच्यात नसून ससा आणि एक नवी चैनीची वस्तू यांच्यात असते.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होते. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेच्या परंपरेतील हे कार्य पिंपरी येथे चालत आले आहे. तयार झालेल्या प्रतिविषाची शक्ती पुरेशी आहे की नाही, हे उंदरांवर पाहिले जाते. तेथेही निम्म्या प्राण्यांच्या मृत्यूचेच माप वापरले जाते. शेतात साप चावलेल्या मजुराला प्राथमिक आरोग्य केंद्रात जी कुपी टोचली जाते, तिच्यामागे हे माप असते. चाचणी तीच, उंदीर तोच, वेदनाही तीच. पण एका बाजूला मरणाच्या दारातून परत येणारा माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला नखांच्या रंगाची नवी छटा आहे. दोहोंना एकाच न्यायाने तोलता येणार नाही.

अशा प्रत्येक प्रसंगी चार प्रश्न विचारता येतील. ही वस्तू खरोखर गरजेची आहे काय? हवी असलेली माहिती आधीच उपलब्ध आहे काय? प्राण्याला न दुखवता ती मिळवण्याचा मार्ग आहे काय? आणि मिळालेल्या माहितीचा उपयोग खरोखर केला जाणार आहे काय? यांतील पहिल्या तीन प्रश्नांची चर्चा जगात पुष्कळ झाली आहे. चौथ्याकडे मात्र दुर्लक्ष होते आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पर्यायांचा शोध

१९५९ मध्ये रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळांसाठी तीन सूत्रे सांगितली. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे; ते शक्य नसेल तर प्राण्यांची संख्या कमी करावी; आणि तेही शक्य नसेल तर निदान वेदना कमी होतील अशी पद्धत स्वीकारावी. आज जगातील बहुतेक कायदे या तीन सूत्रांवर उभे आहेत.

सूत्रे कागदावरून व्यवहारात यायला मात्र दोन दशके लागली आणि त्यात एका शाळाशिक्षकाचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कमधील माध्यमिक शिक्षक हेन्री स्पिरा यांनी १९८० मध्ये वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला सशांच्या डोळ्यांविषयी जाहीर जाब विचारला. केवळ निषेध करून ते थांबले नाहीत. पर्याय शोधण्यासाठी पैसा द्या, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी त्या कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर देण्याचे मान्य केले. १९८१ मध्ये प्रसाधन उद्योगाच्याच निधीतून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचे केंद्र स्थापन झाले.

या संशोधनाला फळे आली. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्वचेचा थर तयार करता येऊ लागला. पदार्थ त्वचेला जाळतो की नाही, हे आता या थरावर पाहता येते. खाटिकखान्यात आधीच मारल्या गेलेल्या जनावरांच्या व कोंबड्यांच्या डोळ्यांवर तीव्र दाहक पदार्थ ओळखता येतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने अशा पद्धतींना टप्प्याटप्प्याने मान्यता दिली आणि एल.डी. ५० ची जुनी चाचणी २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शक यादीतून काढून टाकली. तिच्या जागी फार थोडे प्राणी लागणाऱ्या पद्धती आल्या. पदार्थाची रासायनिक रचना पाहून त्याच्या गुणदोषांचा अंदाज बांधण्याचे काम संगणकही करू लागला.

पर्यायांनाही मर्यादा आहेत. एखादा पदार्थ वर्षानुवर्षे शरीरात गेल्यास यकृतावर काय परिणाम होईल, गर्भावर काय होईल, यांची पूर्ण उत्तरे पेशींच्या थरावरून अजून मिळत नाहीत. म्हणूनच औषधे व कीटकनाशके यांच्या बाबतीत प्राण्यांचा वापर पूर्णपणे थांबलेला नाही.

आपला कायदा

भारतात प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्याची वाट नृत्यकलावती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खाजगी विधेयकाने मोकळी केली होती. या कायद्याचे १४ वे कलम लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. शरीरशास्त्रातील नवे ज्ञान, जीव वाचवणे वा आयुष्य वाढवणे, वेदना दूर करणे आणि माणसे, प्राणी व वनस्पती यांच्या रोगांशी लढणे, एवढ्या हेतूंसाठी केलेले प्रयोग कायद्याने बेकायदेशीर ठरवले नाहीत. या यादीत सौंदर्याचा उल्लेख नाही. त्याच कायद्यात पुढे असेही सुचवले आहे की, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांनी प्रयोग टाळावेत, केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करू नयेत आणि लहान प्राण्यावर भागत असेल तेथे मोठा प्राणी वापरू नये. प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूदही या कायद्यात आहे. १९९८ च्या नियमांनी प्रयोगशाळांची नोंदणी व संस्थांतर्गत नीतिसमितीची परवानगी आवश्यक केली.

प्रसाधनांबाबत निर्णायक पाऊल २०१४ मध्ये पडले. त्याआधी २०१३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने प्रसाधनांच्या सुरक्षिततेविषयीच्या आपल्या मानकातून प्राण्यांवरील चाचण्या वगळल्या होत्या. मे २०१४ मध्ये केंद्र शासनाने औषधे व प्रसाधने नियमांत दुरुस्ती करून प्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणत्याही प्राण्याचा वापर करण्यास मनाई केली. त्याच वर्षी पुढे, प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने आयात करण्यासही बंदी घालण्यात आली. दक्षिण आशियात असे पाऊल उचलणारा भारत हा पहिला देश ठरला. युरोपीय संघाने तयार प्रसाधनांवरील चाचण्या २००४ पासून, घटकद्रव्यांवरील चाचण्या २००९ पासून आणि अशा मालाची विक्री २०१३ पासून बंद केली होती.

ग्राहकांनी येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' असे वेष्टनावर ठळक छापून काही उत्पादक आपल्या मालाची थोरवी सांगतात. भारतात प्रसाधनांसाठी हा कायद्याचाच नियम असल्याने त्यात विशेष असे काही नाही. शिवाय त्या मालातील अनेक घटक पूर्वी केव्हातरी प्राण्यांवर तपासले गेलेले असतात. त्या जुन्या ज्ञानाच्या आधारावरच आजची 'चाचणीविना' सुरक्षितता उभी आहे.

औषधांच्या क्षेत्रातही वारे बदलत आहेत. २०२३ मध्ये नवीन औषधांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशी, संगणकीय पद्धती अशा प्राणिरहित साधनांनी मिळवलेली माहिती सादर करण्यास वाव देण्यात आला. शिक्षणक्षेत्रात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. १९६० च्या कायद्यातील सूचना वर्गापर्यंत पोहोचायला अशी पन्नास वर्षे लागली.

मिळालेले ज्ञान वाया जाऊ नये

आता चौथ्या प्रश्नाकडे वळू. वेदनेतून मिळालेले ज्ञान आपण वापरतो काय?

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन पोटात दिल्या गेलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. अमेरिकेत १९३७ मध्ये शंभराहून अधिक बळी घेणारे आणि त्यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांनी सिद्ध झालेले हे तेच विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाची सखोल छाननी केली. येथे एकही नवा उंदीर मारण्याची गरज नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांनी व प्राण्यांनी आपल्या प्राणांनी लिहून ठेवलेला इशारा उपलब्ध होता. गरज होती ती माल स्वीकारण्यापूर्वी तो तपासण्याची, नियम पाळण्याची आणि ज्याचे जे काम त्याने ते चोख करण्याची. ते न झाल्यामुळे ज्ञान असूनही माणसे गेली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन मृत्युमुखी पडलेल्या शेतकरी व शेतमजुरांची संख्या वीसच्या घरात गेली. बाधितांची संख्या कितीतरी अधिक होती. वापरल्या गेलेल्या औषधांच्या डब्यांवर त्रिकोण होते. पण फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती अनेकदा डबा नव्हे, तर पंप येतो. वेष्टनावरील मजकूर बारीक असतो, हातमोजे व तोंडावरील आवरण मिळत नाही, मिळाले तरी उन्हात सोसवत नाही. त्यातच दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जातात. त्रिकोणाचा रंग त्या एकट्या औषधापुरता असतो. मिश्रणाचा धोका तो सांगू शकत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते.

तिसरे उदाहरण घरातले आहे. केसांच्या कलपाच्या पाकिटावर एक इशारा छापणे आपल्या नियमांनी बंधनकारक आहे आणि तो स्थानिक भाषेतही असला पाहिजे. हा कलप काहींच्या त्वचेला बाधू शकतो, म्हणून आधी थोडासा लावून पाहावा; पापण्या व भुवया यांना तो लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा त्याचा आशय आहे. १९३३ साली दृष्टी गमावलेल्या त्या स्त्रियांना जो धडा फार उशिरा मिळाला, तोच या चार ओळींत आहे. लग्नसराईच्या घाईत किती जण या ओळी वाचून कानामागे थोडा कलप लावतात आणि वाट पाहतात?

प्राण्याला वेदना देणे एकवेळ क्षम्य ठरेल ते तिच्यातून माणसाचे रक्षण होते म्हणून. इशारा न वाचता, न वाचून दाखवता, न पाळता आपण तो फेकून देतो तेव्हा तेवढे समर्थनही उरत नाही. मग उंदीरही व्यर्थ मेलेला असतो आणि मजूरही.

आपण काय करू शकतो?

हा विषय दिल्लीच्या किंवा प्रयोगशाळांच्या अखत्यारीतील आहे, असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. त्यातील मोठा वाटा गावपातळीवरचा आहे.

पंचायत सदस्यांना फवारणीच्या हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत कृषी सहायकांकडून चारही रंगांचा अर्थ समजावून घेता येईल. ही माहिती केवळ जमीनमालकाला देऊन भागणार नाही. ती फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचली पाहिजे. पंचायतीच्या फलकावर हे चार रंग मोठ्या आकारात रंगवणे फार खर्चाचे नाही. औषधासोबत विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा सांगणारे माहितीपत्रक येते. ते डब्यासह जपून ठेवावे आणि रुग्णाला दवाखान्यात नेताना बरोबर न्यावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

परवाने देणाऱ्या व तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वेष्टनावरील इशारा स्थानिक भाषेत व वाचता येईल असा आहे की नाही, हे पाहणे हा उपचाराचा भाग मानू नये. ज्या ज्ञानासाठी जीव गेले आहेत, ते ज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची ती एक महत्त्वाची कडी आहे. तपासणीतील हलगर्जीपणाची किंमत काय असते, हे १९८६ ने दाखवून दिले आहे.

शिक्षकांना तर येथे मोठीच संधी आहे. विज्ञानाच्या तासाला घरून रिकामी पाकिटे व वेष्टने आणायला सांगावीत. त्यात कीटकनाशकांचे डबे मात्र नसावेत. त्यांचे चित्र फळ्यावर काढावे. कोणता इशारा कशासाठी आहे, तो कसा कळला असेल, यावर मुलांना बोलते करावे. पुढील प्रश्न चर्चेला घेता येतील :

१. औषधासाठी केलेली चाचणी आणि प्रसाधनासाठी केलेली चाचणी यांत आपण फरक का करतो?

२. एकदा मिळालेली माहिती पुन्हा मिळवण्यासाठी प्राण्यावर प्रयोग करणे योग्य होईल काय?

३. 'ससा बोलत नाही' हे त्याच्यावर प्रयोग करण्याचे कारण होऊ शकते काय?

४. आपल्या घरातील कोणत्या वस्तूवरील इशारा आजवर कोणीच वाचलेला नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मूल घरी जाऊन शोधील आणि त्या घराला त्याचा लाभ होईल.

उपसंहार

भारतीय राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली. त्यांतील दोन कर्तव्ये एकापाठोपाठ एक आली आहेत. एक निसर्गाचे रक्षण करून सर्व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे, तर लगेच पुढचे विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद व जिज्ञासा यांचा विकास करण्याचे. दया आणि विज्ञान ही परस्परविरोधी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम पाहावा. प्रसाधनांच्या बाबतीत दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे गेल्या काही दशकांनी सिद्ध केले आहे. दयेने प्रश्न विचारला आणि विज्ञानाने पर्याय शोधून दिला.

औषधे व कीटकनाशके यांच्या बाबतीत तो दिवस अद्याप यायचा आहे. तोवर प्रत्येक इशाऱ्यामागे कोणाचे तरी ऋण आहे, हे आपण विसरू नये. ते फेडण्याचा मार्ग अवघड नाही. हंगामाच्या पहिल्या फवारणीपूर्वी डबा हाती घ्यावा, त्रिकोणाचा रंग पाहावा आणि ज्याच्या खांद्यावर पंप चढणार आहे त्याला त्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा.